पैलवान टोपी काढायचा तेव्हा

पैलवान भांडणात उभा राहिला की आधी टोपी काढायचा. घाई नाही. दोन्ही हातांनी काढायचा, मधोमध घडी घालायचा आणि जवळ जो कुणी असेल त्याच्या हातात द्यायचा. बहुतेक वेळा जवळ मीच असायची, कारण त्याचं दुकान आणि आमचं दुकान यांच्यामध्ये एक लाकडी फळी तेवढी होती. टोपी निघाली की त्याचे कान दिसायचे. कान म्हणायचं एवढंच. सुजून, चिरमटून, घट्ट मिटलेल्या मुठीसारखे झाले होते ते. आखाड्यात वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासलं की पैलवानांचे कान असे होतात, हे आपल्या माणसांना सांगायला नको आणि बेंगळूरच्या पेठेतल्या कानडी माणसांनाही सांगायला नको. समोरचा ते कान बघायचा. मग पैलवानाचे रिकामे, मोकळे सोडलेले हात बघायचा. आणि मग त्याला कुठंतरी जायचं असल्याचं आठवायचं.

इतक्या वर्षांत त्याने कुणावर हात उगारल्याचं मी पाहिलं नाही. एकदाही नाही. उगारायची वेळच यायची नाही.

आमची शिंप्यांची ओळ चिकपेटेच्या एका गल्लीत होती. जुन्या इमारतीच्या पोटात सात खोल्या, प्रत्येकीत एक-दोन मशिनी. आमचे यजमान ब्लाउज कापायचे, मी हुक लावायची, काजं करायची, साड्यांना फॉल लावायची. पैलवान परकर शिवायचा. घाऊक दुकानदारांकडून पांढऱ्या, लाल, हिरव्या कापडाचे तागे यायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या दाराशी परकरांचा ढीग लागायचा. नवं गिऱ्हाईक आलं आणि त्याने ऐकलं की या परकरवाल्याला सगळे पैलवान म्हणतात, की ते हसायचं. आमच्या ओळीत शिरतानाच दोऱ्या-बटणांची टपरी होती मुनियप्पाची. तो लगेच म्हणायचा, "हसू नका सार. टोपी घातलीय म्हणून बरं आहे."

अंगाने तो काही धिप्पाड नव्हता. उंची बेताची. पोटऱ्या तेवढ्या दणकट, पण त्या पायमशीन मारून मारून आमच्या सगळ्यांच्याच होत्या. खांदे किंचित पुढे आलेले, जसे शिंप्याचे येतात. पण कान एकदा पाहिले की बाकीचं अंग बघणारा स्वतःच भरून काढायचा. पोटऱ्या दिसल्या की म्हणायचा, बैठका मारलेल्या दिसतात. खांदे वाकलेले दिसले की म्हणायचा, वय झालं, पण पकड बघा कसली असेल.

गोष्टी मुनियप्पा पुरवायचा. पैलवानाने म्हैसूरला दसऱ्यात कुणाला तरी चीत केलं होतं. पैलवानाने एकदा उधळलेल्या बैलाची शिंगं धरून त्याला बसवलं होतं. पैलवान हे ऐकत परकराला नाडीची पट्टी लावत बसायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. फार झालं तर म्हणायचा, "मुनियप्पा, स्वल्प कमी कर." लोकांना वाटायचं, बघा, मोठा माणूस स्वतःची बढाई मारत नाही. मलाही तसंच वाटायचं.

एकदा भरदुपारी एक हमाल पिऊन गल्लीत आला. हातगाडीला वाट दिली नाही म्हणून त्याने मुनियप्पाची गच्ची धरली, टपरीवरचे बटणांचे डबे रस्त्यावर उधळले. आमचे यजमान आतूनच "ए, ए" करत होते. पैलवान उठला, टोपी माझ्या हातात दिली आणि सरळ हमालाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. इतक्या जवळ, की हमालाला मुनियप्पाला सोडल्याशिवाय याच्याकडे वळता येईना. पैलवान काहीतरी बोलला. आम्हाला ऐकू आलं नाही. हमालालाही आलं नसावं, कारण तो ऐकायला जरा वाकला. वाकला तेव्हा त्याला कान दिसला. मग तो खाली बसला आणि बटणं गोळा करायला लागला. मी हे रंगवून सांगत नाही. त्याने खरंच बटणं गोळा केली.

पैलवान परत आला आणि मी टोपी पुढे केली, तेव्हा माझ्या बोटांना ओलं लागलं. टोपी आतून भिजून गेली होती. आमच्या गल्लीत ऊन पोचत नव्हतं, तो धावला नव्हता.

"एवढा घाम?" मी विचारलं.

"टोपीला आला तर चालतो, अक्का," तो म्हणाला. "चेहऱ्याला येऊ द्यायचा नाही."

तेव्हापासून मला एवढं ठाऊक होतं की हा माणूस भितो. त्यामुळे तो माझ्या मनातून काही उतरला नाही. न भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातली बरीच मूर्ख होती. भिऊनही जो पुढे जातो त्याच्याशी फळीला फळी लावून बसायला मला बरं वाटायचं.

त्याचे काही नियम होते. कुणी विचारलं तर सांगायचा, शिकवतोय असं न दाखवता. "लांबून ओरडतो तो पळायच्या तयारीत असतो. आपण जवळ जायचं." "बोलायचं हळू. त्याला वाकायला लावायचं." "तोंड काय वाटेल ते बोलू दे, समोरचा आपले पाय बघत असतो. पाय हलता कामा नये." आणि सगळ्यात शेवटी, "हात रिकामे दाखवायचे. हातात काही धरलं की त्याला कळतं की आपल्याला त्याची गरज आहे."

मी हे करून पाहिलं आहे. सिटी बसमध्ये एक जण माझ्या पुतणीला अंग घासत होता. मी ओरडले नाही. उठले, त्याच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभी राहिले, पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघून हळूच म्हटलं, "इळी." म्हणजे उतर. तो उतरला. त्याचा स्टॉप नव्हता. दुसऱ्या दिवशी पैलवानाला सांगितलं तर तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला. म्हणाला, "अक्का, तुम्हाला तर कानही लागले नाहीत."

आणखी एक सवय त्याची होती, तिचा अर्थ तेव्हा कुणी लावला नाही. शिंप्याच्या दुकानात लाकडी गज असतोच. ताग्यातलं कापड आपण त्यावरच मोजतो. पैलवानाच्या दुकानात गज नव्हता. तो ढीगभर कापड टेपने मोजायचा, वेळ दुप्पट लागायचा. एकदा आमच्या यजमानांनी आपला जुना गज त्याला द्यायला फळीवरून पुढे केला. पैलवान एकदम मागे सरला, भिंतीला टेकला. मग म्हणाला, "नको, मला टेपच बरी." यजमान मला म्हणाले, "पैलवान लोकांच्या एकेक तऱ्हा असतात." हाताखालच्या बाईचा परकर चुकला तर तो आवाज चढवायचा नाही. स्वतः उसवायला बसायचा. "उसवता येतं," म्हणायचा. "कापडाचं सगळं उसवता येतं."

नव्वदचं दशक निम्मं उलटलं आणि पेठेतल्या जागांना सोन्याचा भाव आला. जुनी इमारत पाडायची, तळघरासकट चार मजले चढवायचे, असं जिकडेतिकडे सुरू झालं. आमचा जुना घरमालक मेला आणि त्याच्या मुलांनी इमारत विकली. नवा मालक एक शेट होता. त्याने आम्हाला जागा सोडा म्हणून निरोप धाडला. आम्ही वकील गाठला. वकील म्हणाला, तुमचा ताबा आहे, तोपर्यंत तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. सोमवारी कोर्ट उघडलं की मी स्टे आणतो. तोवर काही झालं तरी मशिनी हलवायच्या नाहीत आणि माणसं हलवायची नाहीत. एकदा बाहेर पडलात की मग मी काही करू शकत नाही.

मधे फक्त शनिवार आणि रविवार होते. शेटलाही ते ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी मुनियप्पा बातमी घेऊन आला की उद्या सकाळी माणसं येणार, जागा रिकामी करायला.

सगळे मुनियप्पाच्या टपरीपाशी जमले. चर्चा फार झाली नाही. सगळ्यांनी पैलवानाकडे पाहिलं.

"दुसरा काही विचार करा," पैलवान म्हणाला. "पोलिसांकडे जाऊ. बायकांना पुढे बसवू. माझ्या एकट्यावर नका टाकू."

"तुला कोण मारामारी करायला सांगतंय?" आमचे यजमान म्हणाले. "तू नुसती टोपी काढ."

"हो की," मुनियप्पा म्हणाला. "टोपी काढायला काय लागतं?"

सगळे हसले. पैलवानही हसला. पण मी त्याच्या शेजारी उभी होते. हसताना त्याचा हात टोपीवर गेला आणि त्याने ती कानांवर आणखी खाली ओढली.

शनिवारी सकाळी दुकानं उघडली तशी माणसं आली. टेंपोतून आली. शेटचा मुनीम आणि चार-पाच जण. त्यांच्यातला पुढचा मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल. मान आणि डोकं एकाच जाडीचं. बाकीचे आरडाओरड करत होते, हा गप्प होता. तेव्हाच मला वाटलं की हे काम निराळं आहे.

पैलवान बाहेर आला. टोपी काढली, घडी घातली, मला दिली. टोपी इतकी ओली होती की मी ती कमरेला खोचली तर माझ्या लुगड्याला डाग पडला. तो गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हात मोकळे. पाय जमिनीत रोवल्यासारखे. मी सगळ्या आयुष्यात एखादा माणूस इतका चांगला उभा राहिलेला पाहिला नाही. भीती बघायची तर ती माझ्या कमरेला होती, त्याच्या अंगावर कुठंच नव्हती.

तो मुलगा दहा पावलांवर थांबला. कान बघत राहिला. मागच्यांना हाताने गप्प केलं. मग त्याने पायातल्या चपला काढल्या. भर रस्त्यात, कचऱ्यात. अनवाणी चालत आला, वाकला, आणि पैलवानाच्या पायांना हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावला. वाकला तेव्हा आम्हाला त्याचे कान दिसले. एक मोडलेला होता, दुसरा मोडायला लागला होता.

मुनियप्पा माझ्या मागे पुटपुटला, "आयतु!" झालं, संपलं, असं.

आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं. कुणीतरी सुस्कारा सोडला. आमचे यजमान तर दुकानात परत जाऊन मशीनवर बसलेसुद्धा.

मुलगा कानडीत बोलला. आवाजात अदब होती. "गुरुगळे," म्हणाला, म्हणजे गुरुजी, "तुम्ही इथं बसता हे मला कुणी सांगितलं नाही. नाहीतर मी आलोच नसतो." मग त्याने आपल्या गुरूचं नाव घेतलं. नाव घेताना कानाच्या पाळीला बोटं लावली, जशी पैलवान लोक आणि गवई लोक लावतात. इथं तालमीला गरडी म्हणतात. त्याने आपल्या गरडीचंही नाव सांगितलं. मग म्हणाला, "तुमची गरडी कुठली? गुरू कोण? एवढं सांगा, मी माघारी जातो. शेटला सांगतो दुसरा माणूस बघ. तोही आमच्यातला कुणी मिळायचा नाही त्याला."

आणि हात जोडून उभा राहिला.

एक नाव. एवढंच हवं होतं. पेठेत जुन्या गरड्या कमी होत्या का? मेलेल्या वस्तादांची नावं कमी होती का? मलासुद्धा दोन-तीन ठाऊक होती. पैलवानाचा हात वर गेला. मला वाटलं, आता हाही कानाला हात लावून नाव घेणार. हात कानापर्यंत गेला. आणि तिथंच राहिला. बोटं त्या मोडलेल्या कानावर फिरत राहिली, जसं आपण शिलाई चाचपून बघतो तशी.

"मला गुरू नाही," पैलवान म्हणाला.

नेहमीसारखाच हळू. मुलगा ऐकायला वाकला.

"हे माझ्या काकाने केलं. त्याच्या हाताखाली शिवायला होतो, लहान होतो. घेर चुकला की लाकडी गजाने मारायचा. कानावरच मारायचा. हातावर मारलं तर काम थांबतं ना. तालमीत मी कधी गेलो नाही, मगा. मी शिंपी आहे."

मगा म्हणजे बाळ. तो त्या मुलाशी असं बोलत होता जसं काही गल्लीत दुसरं कुणी नव्हतंच.

मुलगा वाकलेला तसाच राहिला. मग सरळ झाला. मागे गेला, चपला घातल्या. त्याच्या मागची माणसं हसायला लागली, त्यांच्याकडे त्याने असं पाहिलं की ती थांबली. परत आला. आता गुरुगळे म्हणाला नाही.

"अज्जा," म्हणाला, "बाजूला हो."

पैलवान हलला नाही. पाय होते तसेच होते. तेव्हा त्या मुलाने त्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं, उचललं आणि कडेला ठेवलं. झाडू मारताना खुर्ची उचलून कडेला ठेवतो तसं. जोर लावला नाही, दुखवलं नाही. दुखवलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सगळ्या खोल्या रिकाम्या केल्या. मोडतोड केली नाही. माझी मशीन त्या मुलाने स्वतः उचलून बाहेर आणली, सावलीत ठेवली. कापड मातीत पडू दिलं नाही. बायका रडत होत्या, आमचे यजमान मशीनला धरून बसले होते, त्यांना मशीनसकट उचललं. पैलवानाचे परकर गठ्ठे बांधून रस्त्याच्या कडेला रचले. दाराला कुलपं लागली. दुपारच्या जेवणाच्या आत सगळं आटोपलं.

सोमवारी वकिलाने स्टे आणला. रिकाम्या जागेला तो काय करायचा?

त्या दुपारी सगळे पैलवानावर तुटून पडले. हात कुणी लावला नाही, तोंडाने पडले. मुनियप्पा कपाळ बडवत एकच म्हणत होता, "ओंदु हेसरु!" एक नाव, एक नाव. आमचे यजमान म्हणाले, "दुसरं कुणी आठवलं नाही तर मारुतीचं नाव सांगायचं होतंस. तोही पैलवानच." कुणी लबाड म्हणालं. कुणी म्हणालं, इतकी वर्षं आम्हाला फसवलं. पैलवानाने हातगाडी आणली, मशीन चढवली, परकरांचे गठ्ठे चढवले आणि गाडीवाल्याबरोबर गाडी ढकलत निघून गेला.

मी काही बोलले नाही. चांगुलपणाने नाही. रागावले मीही होते, आणि आमच्या घरी तेव्हा दोन पोरी लग्नाच्या होत्या. पण एक गोष्ट मनात टोचत होती. त्याने फसवलं, असं सगळे म्हणत होते. कधी फसवलं? मी पैलवान आहे, असं तो कधी कुणाला म्हणाला? म्हणालो ते आम्ही. त्याने टोपी काढली, बाकीचं आम्ही शिवलं. दोन हात अंतरावर बसून इतकी वर्षं काढली आणि कुणी एकाने त्याला विचारलं नाही की बाबा, हे कान कसे झाले. ज्याने विचारलं तो जागा रिकामी करायला आला होता.

ओळ फुटली. मुनियप्पाने दुसऱ्या बाजारात टपरी टाकली. आम्ही राजाजीनगरला घराच्या पुढच्या खोलीत मशिनी मांडल्या. गिऱ्हाईक निम्मं झालं, यजमान चिडचिडे झाले. पोरींची लग्नं झाली, पण जशी करायची होती तशी नाही. पैलवानाचं नाव घरात निघालं की यजमान उठून जायचे. टोपी माझ्याकडेच राहिली होती. त्या दिवशी कमरेला खोचलेली, तो न्यायला आला नाही आणि मला द्यायचं सुचलं नाही.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला. मग तो गेल्याचंच कळलं, तेही उशिरा.

भेटला तो शिवाजीनगरला. मी मशीनचा एक भाग तिथल्या एका कारखान्यात घासून घ्यायला गेले होते. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात तो चहा पीत होता. बोडका होता. कान उघडे. मी हाक मारली, "पैलवान!"

दचकला. मग उठून उभा राहिला. "अक्का, आता पैलवान कशाला म्हणता?"

"मग काय म्हणू? तुमचं नाव मला ठाऊक नाही."

खरंच ठाऊक नव्हतं. त्याने सांगितलं, गोविंदराव. मी एकदा म्हणून पाहिलं. जीभ वळेना. तोच म्हणाला, "राहू दे. पैलवानच म्हणा."

तो आता ऑटोरिक्षांच्या सीटची कव्हरं शिवत होता, दुसऱ्याच्या दुकानात. मी टोपीचं सांगितलं, म्हटलं पाठवून देते. "नको," म्हणाला. "आता काय झाकायचं? पण मजा बघा अक्का, झाकत होतो तेव्हा कुणी कुणी विचारायचं, टोपी का घालता. आता उघडे ठेवलेत तर सगळे उस्ताद म्हणतात. या हॉटेलवाल्याला दहादा सांगितलं, मी शिंपी आहे. तो म्हणतो, हो हो उस्ताद."

मी चहा घेतला. गोड बोलायची मला सवय नाही, तेव्हा जे इतके दिवस मनात होतं तेच विचारलं. "एक नाव सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? आमची सात घरं उठली. तुमचंही उठलं."

तो रागावला नाही. कपातला चहा फिरवत बसला.

"मी पण तेच विचारतो स्वतःला," म्हणाला. "रोज नाही. पण विचारतो." मग म्हणाला, "अक्का, तो मारायला आला असता तर मी उभा राहिलो असतो. पडेपर्यंत राहिलो असतो, तेवढं मला येतं. तो पाया पडला हो. माझ्या कधी कुणी पाया पडलं नव्हतं. पाया पडल्यावर कसं उभं राहायचं, ते मला ठाऊकच नव्हतं."

चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर थोडं झालं, ते त्याने दिले. त्याची बस आली. "बरंय अक्का. यजमानांना सांगा," म्हणाला, पण काय सांगायचं ते बोलला नाही, आणि चढला.

बसला गर्दी होती. खिडकीपाशी एक तरणा मुलगा बसला होता. त्याने वर पाहिलं, त्याची नजर पैलवानाच्या कानांवर गेली आणि तो ताडकन उठला. हाताने जागा दाखवून बसा बसा म्हणायला लागला. पैलवान मान हलवत होता. काहीतरी सांगत होता, हळू, कारण तो मुलगा ऐकायला वाकला होता. ऐकल्यावरही मुलगा बसेना. बस निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मला खिडकीतून दिसत होतं. एवढी गर्दी, ती जागा रिकामी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे.